सोबतीची चाल

पायी वारी करणाऱ्या माउलींना कोणी विचारले की, "एवढे चालता तरी कसे?" तर बहुतेक जण नुसते हसतात. उत्तर नसते म्हणून नव्हे. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटर त्यांच्यापैकी कोणी एकट्याने चाललेलेच नसते. चाललेली असते ती दिंडी. पुढे पताका, मग टाळकरी, मध्ये मृदंग, विणेकरी आणि मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या माता-भगिनी. त्या रांगेत पाऊल पडले की ते टाळाच्या ठेक्याचे होऊन जाते. दमलेला माणूस ठेक्यावर चालतो आणि ठेका काही दमत नाही.

ही गोष्ट मला लहानपणापासून ठाऊक होती, पण तिचा अर्थ उमगायला मला फार लांब जावे लागले. मी साताऱ्याचा, पेशाने शिक्षक. आमचे अण्णा म्हणजे माझे वडील, २७ वर्षे माउलींच्या पालखीत रथामागच्या दिंडीत टाळ घेऊन चालले. मी सुट्ट्या मिळतील तसा चार-आठ दिवस त्यांच्याबरोबर जात असे. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मला साखरेचा विकार निघाला आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले. साताऱ्यात सकाळी चालायला निघाले की यवतेश्वरचा घाट समोर उभाच असतो. चालता चालता पळू लागलो. आधी २१ किलोमीटर झाले, मग मुंबईची पूर्ण ४२ किलोमीटरची मॅरेथॉन झाली. मग घाटात बरोबर पळणाऱ्या मंडळींनी दक्षिण आफ्रिकेतल्या 'कॉम्रेड्स'चे नाव काढले.

आमच्या भजनी मंडळात त्यावर बरीच चर्चा झाली. एका ज्येष्ठ महाराजांनी सरळ विचारले, "वारकऱ्याने शर्यतीत पळावे का? शर्यत आली की चढाओढ आली, आणि चढाओढ आली की 'मी' आला. तो 'मी' टाकायलाच तर आपण माळ घातली." हा प्रश्न मी हसण्यावारी नेला नाही. खरे तर तो बरोबर घेऊनच मी तिकडे गेलो. या लेखात जे सांगतो आहे, ते त्या प्रश्नाचे मला सापडलेले उत्तर आहे.

कॉम्रेड्सची हकिकत वाचकांना ठाऊक असावी म्हणून थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या रानावनातून शेकडो कोस पायपीट करून विक क्लॅपहॅम नावाचा एक शिपाई घरी परतला. तो रेल्वेत इंजिनचालक होता. बरोबरचे कितीतरी साथीदार परतले नव्हते. त्यांच्या स्मरणार्थ दगडी स्मारक उभे करण्याऐवजी, त्यांनी सोसले तसे काहीतरी आपण दरवर्षी सोसावे, असे त्याच्या मनात आले. २४ मे १९२१ रोजी पीटरमारिट्झबर्गहून डर्बनला ३४ जण पळत निघाले आणि १६ जण पोहोचले. तेव्हापासून, दुसऱ्या महायुद्धाची काही वर्षे आणि अलीकडची करोनाची साथ वगळता, हा पल्ला दरवर्षी पळाला जातो. एका वर्षी समुद्रकाठच्या डर्बनहून वर डोंगरात, तर एका वर्षी डोंगरातून खाली समुद्राकडे. अंतर ८७ ते ९० किलोमीटर आणि मुदत १२ तासांची. 'कॉम्रेड्स' म्हणजे सोबती. शर्यतीच्या नावातच सोबत आहे, हे मला जाण्याआधी फारसे जाणवले नव्हते.

१० जून २०१८ रोजी आम्ही पीटरमारिट्झबर्गच्या नगरभवनासमोर उभे होतो. याच गावाच्या रेल्वे स्थानकावर १८९३ साली गांधीजींना गाडीच्या डब्यातून खाली उतरवले होते. तिकडे जून म्हणजे हिवाळा. पहाटेच्या अंधारात हजारो माणसे कुडकुडत एकमेकांना खेटून उभी होती. पळणे सुरू होण्याआधी सगळे मिळून 'शोशोलोझा' गातात. खाणीत राबायला आगगाडीने येणाऱ्या मजुरांचे ते गाणे. एकाने ओळ उचलायची आणि बाकीच्यांनी ती झेलायची, अशी त्याची रीत. त्या भाषेतला एक शब्द मला कळत नव्हता, पण रीत ओळखीची निघाली. आपल्याकडे चाल लावणारा एक असतो आणि ध्रुपद सगळ्यांचे असते.

त्या वर्षी वाट उताराची होती आणि अंतर ९०.१८४ किलोमीटर. उताराची म्हटली तरी त्यात मोठमोठे चढ आहेतच. लांब पळणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो उतावळेपणाविषयी. पहाटेच्या गारव्यात पाय मोकळे असतात आणि वाटते की सुटावे. तेव्हा जो सुटतो तो दुपारी रस्त्याच्या कडेला बसलेला दिसतो. चढ आला की जाणती माणसे बिनदिक्कत चालू लागतात. भूक लागण्याआधी थोडे खातात. पाणी तहानेइतकेच पितात, कारण लांब पल्ल्यात पाणी कमी पडणे जसे वाईट, तसे तहानेच्या पलीकडे पीत राहणेही वाईट. त्याने रक्तातले क्षाराचे प्रमाण उतरते आणि माणूस जिवावर बेततो. युक्त आहार आणि युक्त विहार हे आपण प्रवचनात ऐकतो. तिथे ते दर दोन-तीन किलोमीटरला पाणपोईपाशी समोर येऊन उभे राहते.

निम्म्या वाटेच्या अलीकडे एथेम्बेनी नावाची शाळा लागते. अपंग आणि दृष्टिहीन मुलांची ही शाळा आहे आणि नावाचा अर्थ 'आशेचे ठिकाण' असा. मुले रस्त्याच्या कडेला ओळीने बसलेली असतात आणि धावणाऱ्यांच्या हातावर टाळी देण्यासाठी हात पुढे करतात. तिथे वेळेचा हिशोब विसरून पळणारे थबकतात, वाकतात, हात हातात घेतात. वाटेवरच्या गावात आजीबाई पालखीसमोर लेकराला घेऊन उभी असते आणि जाणारा प्रत्येक वारकरी तिला 'माउली' म्हणून हात जोडतो, ते मला आठवले. पुढे, निम्मी वाट सरल्यावर, डोंगराच्या कडेला खडकात एक कोनाडा आहे. पाच वेळा ही शर्यत जिंकणारे आर्थर न्यूटन तिथे विसाव्याला बसत, असे सांगतात. येणारा-जाणारा तिथे एखादे रानफूल ठेवून त्यांना नमस्कार घालतो. रस्ता जुना झाला की त्याला स्थाने फुटतात आणि माणसे तिथे वाकू लागतात. हे सगळ्या मुलखांत सारखेच असावे.

माझी खरी कसोटी ५५ किलोमीटरच्या पुढे लागली. ऊन चढले होते, मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या. मन हिशोब मांडू लागले की इतके गेले, अजून इतके उरले, आणि हे जमायचे नाही. त्याच वेळी मागून गाण्याचा आवाज आला. तिकडे त्याला 'बस' म्हणतात. एक अनुभवी माणूस काठीला वेळेचा फलक बांधून पळतो, त्याला बसचा 'ड्रायव्हर' म्हणायचे. अमुक तासांत पोहोचायचे असणारे लोक त्याच्यामागे थव्याने पळतात. आमच्या बसचा ड्रायव्हर पन्नाशीचा एक झुलू गृहस्थ होता. समोरच्या खांबापर्यंत पळा म्हणायचा, पुढच्या झाडापर्यंत चाला म्हणायचा. पन्नास-साठ माणसे एका शब्दावर पळत आणि एका शब्दावर चालत. संध्याकाळी समाजआरतीला चोपदारांनी चोप उंचावला की सारा तळ शांत होतो, त्याची मला आठवण झाली.

तो मधूनमधून मागे वळून पाहत असे. त्याची नजर शेपटाला असलेल्यांवर होती. एक बाई मागे पडू लागल्या तेव्हा त्याने चाल उतरवली आणि गाणे मात्र चढवले. त्या बाई पुन्हा थव्यात आल्या. मला झुलू गाणे येत नव्हते, म्हणून मी त्याच ठेक्यावर मनातल्या मनात 'ज्ञानोबा-तुकाराम' म्हणू लागलो. नाम ठेक्यात बरोबर बसले. मग किती अंतर उरले हा प्रश्न मनात आलाच नाही असे नाही, पण तो आला आणि गेला. त्याला बसायला जागा नव्हती.

थकवा म्हणजे काय, याचा अभ्यास करणारे टिम नोक्स नावाचे दक्षिण आफ्रिकेतले एक शास्त्रज्ञ आहेत. ते स्वतः कॉम्रेड्स पळालेले. त्यांचे म्हणणे असे की, थकवा म्हणजे स्नायू रिते झाले एवढेच नव्हे. शरीराला इजा होऊ नये म्हणून मेंदू आधीच लगाम ओढतो आणि त्या ओढीला आपण थकवा म्हणतो. सगळेच शास्त्रज्ञ हे जसेच्या तसे मान्य करत नाहीत. पण त्यांनी बोट ठेवलेली एक गोष्ट आपल्याला पटण्यासारखी आहे. शेवट दिसू लागला की सर्वांत दमलेला माणूसही वेग घेतो. पाय रितेच झाले असते तर हे बळ आले कुठून? वाखरीच्या तळावर आदल्या रात्री पायाचे फोड फोडत बसलेला वारकरी दुसऱ्या दिवशी पंढरीच्या वाटेवर नाचत असतो. आपल्याकडे याला शास्त्राचे नाव नाही. आपण त्याला ओढ म्हणतो.

फील्ड्स हिल नावाचा तीन किलोमीटरचा तीव्र उतार पाय पार मोडून टाकतो. चढाने दम लागतो, तर उताराने मांड्या फाटतात. बसच्या मधोमध राहून मी तो उतरलो आणि ११ तास ४१ मिनिटांनी डर्बनच्या स्टेडियममध्ये पोहोचलो. ११ ते १२ तासांत येणाऱ्यांना तांब्याचे पदक मिळते. सर्वांत शेवटी येणाऱ्यांच्या या पदकाला नाव आहे विक क्लॅपहॅमचे, म्हणजे ज्याने हे सगळे सुरू केले त्याचे. सोन्याचे पदक पहिल्यांना आणि संस्थापकाचे नाव शेवटच्यांना. हे मला फार भावले.

पण त्यानंतरची १९ मिनिटे मी विसरणार नाही. १२ तास पूर्ण होत आले की एक अधिकारी येणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो. पाठ अशासाठी की, कोण येतो आहे हे दिसले तर हात थांबेल. तो बंदुकीचा बार काढतो आणि दार बंद होते. बार झाला तेव्हा काही जण रेषेपासून हाकेच्या अंतरावर होते. ९० किलोमीटर त्यांनीही कापले होते. त्यांना पदक नाही आणि निकालात नावही नाही. शर्यत म्हटली की तिला वेळ हवी, हे मला मान्य आहे. तो बार नसता तर बसही नसती. तरी त्या क्षणी मला पुंडलिकाची वीट आठवली. आईबापांच्या सेवेत गुंतलेल्या भक्तासाठी देव विटेवर उभा राहिला आणि अजून उभाच आहे. आपल्याकडे वाट पाहण्याचे काम देवाने स्वतःकडे घेतले आहे.

हे लिहिताना आपली छाती फुगू नये म्हणून आणखी एक सांगायला हवे. कॉम्रेड्सचे दार स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना कितीतरी वर्षे बंद होते. १९२३ साली फ्रान्सिस हेवर्ड ही स्त्री आणि १९३५ साली रॉबर्ट म्त्शाली हा कृष्णवर्णीय धावक नोंदीशिवाय पळाले आणि पोहोचले. तरी रीतसर प्रवेश मिळायला १९७५ साल उजाडले. आपल्याकडेही वाट सर्वांची होती, पण चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीसमोर आहे. राउळाचे दार उघडायला १९४७ साली साने गुरुजींना पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. देव वाट पाहतो. दार अडवतात ती माणसे. सोबत चालणाऱ्याने हे विसरू नये.

मी परत आलो तेव्हा आषाढी जवळ आली होती. त्या वर्षी ती २३ जुलैला होती. अण्णा ७४ वर्षांचे होते आणि दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झालेली होती. दोन वर्षे वारी चुकल्याने ते आतून कोमेजले होते. डॉक्टरांनी 'थोडे थोडे चालू द्या, दमले की गाडीत बसवा' असे सांगितले तेव्हा त्यांनी लोणंदपासून जायचे ठरवले. घरात सगळ्यांना धास्ती होती. आई म्हणाली, "तू बरोबर असशील तरच."

लोणंद ते तरडगाव ही मजल छोटी. वाटेत चांदोबाचा लिंब आणि माउलींचे पहिले उभे रिंगण. पण गर्दी, ऊन आणि धूळ यांत अण्णांची चाल दिंडीच्या चालीला पुरेना. तासाभरात आमची दिंडी पुढे गेली. मागच्या दिंड्या येत होत्या आणि जात होत्या. अण्णा म्हणाले, "तू हो पुढे. एवढ्या लांब पळून आलास आणि माझ्यापायी रखडतोस." मी म्हणालो, "अण्णा, त्या लिंबापर्यंत चलू. मग बसू." लिंबापाशी बसलो, दोन घोट पाणी झाले. मग पुढच्या विजेच्या खांबापर्यंत. मग उसाच्या रसाच्या गाड्यापर्यंत. त्या झुलू माणसाने मला जसे नेले, तसे मी त्यांना नेत होतो. मागून जी दिंडी येई तिचा ठेका आम्ही उचलायचो. ती पुढे गेली की दुसरीचा. त्या दिवशी आम्ही किती दिंड्यांतून चाललो याची मोजदाद नाही. संध्याकाळी तरडगावच्या तळावर पोहोचलो, तेव्हा आरती होऊन गेली होती. कोणी बार काढला नव्हता. राहुटीतल्या माउलींनी दोन पाने झाकून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी फलटणच्या वाटेवर तीन-चार किलोमीटर झाल्यावर अण्णा स्वतःच थांबले. छातीवर हात ठेवून क्षणभर उभे राहिले. मी घाबरलो. ते म्हणाले, "दुखत नाही रे. पण आता पुरे." त्यांनी गळ्यातले टाळ काढले आणि माझ्या गळ्यात घातले. "चालायचे तेवढे मी चाललो. हे मात्र थांबवू नकोस." थांबावे कुठे, हे त्यांना कळत होते. ९० किलोमीटर पळूनही जे मला शिकायचे राहिले होते, ते त्या एका वाक्यात होते. पुढचे मुक्काम ते दिंडीच्या ट्रकमधून करीत आणि मी चालत असे.

माळशिरस सोडून वेळापूर जवळ आले की धावा होतो, हे वारकऱ्यांना सांगायला नको. त्या उतारावरून तुकोबारायांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी आपली श्रद्धा. तिथे सारी वारी पळते. काठी टेकणारे, धापा टाकणारे, डोक्यावर बोचके घेतलेले, सगळे. मीही अण्णांचे टाळ छातीशी धरून पळालो. मनगटाला घड्याळ नव्हते. शेजारून एक सत्तरीची आजी माझ्या पुढे गेली आणि मागे वळून हसली. वेळापूरच्या तळावर अण्णा ट्रकच्या सावलीत बसले होते. त्यांनी विचारले, "पळालास?" म्हटले, "पळालो." "कितवा नंबर?" आणि दोघेही खूप हसलो. वाखरीहून पुढे त्यांना गाडीतूनच नेले. दर्शनाच्या रांगेत उभे राहणे शक्य नव्हते. त्यांनी लांबूनच कळसाला हात जोडले आणि म्हणाले, "झाली वारी." ती त्यांची शेवटची वारी ठरली. पुढच्या वर्षीच्या आषाढीआधी ते गेले.

महाराजांना मी नंतर जाऊन सांगितले की, शर्यतीत 'मी' असतो हे खरे आहे. पहिले ५० किलोमीटर तोच पळत असतो. पण पल्ला पुरेसा लांब असला की तो मधेच कुठेतरी दमून बसतो. त्यानंतर जे पळते ते सोबतीवर पळते. लांब वाटेचा गुण तो हाच. महाराज म्हणाले, "म्हणजे पल्ला मोठा हवा." मी म्हणालो, "हो. आणि मागे वळून पाहणारा कोणीतरी हवा."

वाचकहो, तुम्ही वारीत चालत असाल, पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर पळत असाल किंवा गुडघ्यांमुळे घरीच बसून हरिपाठ म्हणत असाल, तरी एक गोष्ट करून पाहा. आपल्या ताकदीने किती जाता येते, हे एकदा बघून घ्यावे. त्यात वाईट काही नाही. शरीर देवाने दिलेले आहे आणि ते वापरावे. पण मग ती ताकद मागच्याच्या चालीला जोडावी. घरात दमलेले म्हातारे माणूस असेल, वर्गात मागे पडलेले पोर असेल, दिंडीत रेंगाळलेली एखादी माउली असेल, तर त्या लिंबापर्यंत चलू म्हणावे, मग बसू म्हणावे. अण्णांचे टाळ आता माझ्याकडे आहेत. दरवर्षी लोणंदपासून ते गळ्यात घालतो आणि दिंडीच्या शेवटच्या रांगेत चालतो. तिथून सगळे दिसतात.

रामकृष्ण हरी.